बोरटोल्याचा कोरा पूल

मोहाडी तालुक्यातल्या बोरटोल्याचा पूल पावसाळ्याआधीच बांधून पूर्ण झाला होता. कठड्यांना रंग लागला होता, रंगावर पक्षाचे झेंडेही लागले होते. फक्त त्याच्यावरून कोणी जायचे नव्हते. कारण उद्घाटन व्हायचे होते आणि नेत्यांची तारीख मिळत नव्हती. तोवर पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू बांधले होते आणि गावकरी पँटा-लुगडी वर खोचून पुलाखालच्या नाल्यातून बाजाराला जात होते. पुलाच्या सावलीमुळे नाल्यातले ऊन कमी झाले, ही पक्षाने आपली कामगिरी म्हणून जाहीरही केली होती.

गावचा पंचायत समिती सदस्य जागेश्वर याच पक्षाचा. धानाची शेती करणारा, मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. पक्षाच्या बैठकीत तो पक्षालाच प्रश्न विचारी. त्याला काढून टाकावे असे सगळ्यांना वाटे, पण पंचायत समितीतले बहुमत त्याच्या एका मतावर उभे होते. त्यामुळे त्याच्या बोलण्याला ‘पक्षांतर्गत लोकशाही’ असे नाव देऊन चहा मागवला जाई.

श्रावणात एका सकाळी सत्यभामाबाईंच्या सुनेला, गुड्डीला, कळा सुरू झाल्या. नाला भरून वाहत होता. रुग्णवाहिका पलीकडे उभी होती. पण उद्घाटन न झालेल्या पुलावर गाडी घातली तर नोकरी जाईल, असे चालकाचे म्हणणे पडले. जागेश्वरने कुऱ्हाड आणून बांबू तोडले आणि गुड्डीला खाटेवर घालून पुलावरून पलीकडे पोचवले. मागोमाग सासू गेली, नवरा गेला आणि पूल वरून कसा दिसतो ते पाहायला अर्धे गाव गेले. दुपारी मोहाडीच्या दवाखान्यात गुड्डीला मुलगी झाली. माणूस असावा तर जागेश्वरसारखा, असे जो तो म्हणाला.

पक्षाचे तालुकाध्यक्ष भैय्याजी मात्र हादरले. वापरलेला पूल नेत्यांपुढे ठेवणे म्हणजे उष्टे ताट वाढण्यासारखे होते. ते बांधकाम खात्याच्या साहेबांना घेऊन गावात आले. साहेबांनी बराच विचार करून तोडगा काढला. पुलावरून जे गेले ते सर्व पुलावरूनच परत आले, तर जाणे आणि येणे एकमेकांत वजा होईल आणि पूल तांत्रिकदृष्ट्या कोरा राहील. बघे आधीच परतले होते. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर गुड्डीलाही सासू-नवऱ्यासह मानाने पुलावरून आणले गेले. भैय्याजींचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांचे लक्ष तिच्या कुशीतल्या बाळाकडे गेले. बाळ पुलावरून आले होते, पण गेलेले नव्हते.

जागेश्वरने सांगून पाहिले की जाताना ते आईच्या पोटात होते. गर्भावस्थेतला प्रवास धरता येत नाही, असे साहेब म्हणाले. बाळाला पुलावरून पलीकडे न्यावे आणि येताना नाल्यातून आणावे, एवढाच मार्ग उरला होता.

जागेश्वर पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. “पोर नाल्यातून आनाचं हाये, त पूल कायले बांधला?”

भैय्याजी काही बोलायच्या आतच सत्यभामाबाईंनी नात उचलली. “राहू दे ना गा जागेसर. सायेब एवढ्या दुरून आले, त्याईचं मन कायले मोडाचं?”

त्या पुलावरून गेल्या आणि नातीला डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून परत आल्या. त्यांचे स्वतःचे जाणे सरकारी काम म्हणून साहेबांनी हिशेबात धरले नाही. गावाने टाळ्या वाजवल्या. बाळ झोपलेलेच होते. पुलाला नवे बांबू बांधले गेले आणि जागेश्वरने तिथेच पक्ष सोडला. पक्षाचे बहुमत गडगडले. पण विरोधी बाकांवरच्या एका सदस्याला लगेच पक्षाची विचारधारा पटली आणि बहुमत पुन्हा उभे राहिले.

दिवाळीनंतर नेते आले. फीत कापून ते म्हणाले की हा पूल जनतेसाठी आहे, आणि गाडीत बसून आल्या वाटेने परत गेले.

पुढच्या निवडणुकीत जागेश्वर अपक्ष उभा राहिला. घरोघरी त्याला चहा मिळाला. सत्यभामाबाईंनी तर त्याला ओवाळले आणि नातीला त्याच्या पाया पडायला लावले. मताचे विचारल्यावर त्यांचा चेहरा खरोखर कष्टी झाला.

“तुयासारखा मानूस नाही गा,” त्या म्हणाल्या. “पन मत त्याईलेच देनं भाग हाये. पूल त्याईनंच त खुला केला.”

जागेश्वर पडला. निकाल ऐकून आधी तो चक्रावला आणि मग इतका हसला की निवडून आलेल्या उमेदवाराला अपमान वाटला. आता तो रोज त्याच पुलावरून बैलगाडीने धान नेतो आणि अजून कोणत्याही सभेत घुसून प्रश्न विचारतो.

बाहेरगावचे लोक ही हकीकत ऐकून हळहळतात. राजकारणात अशीच माणसे पाहिजेत, असे म्हणतात. तुम्हीही आता तेच म्हणणार होतात. जागेश्वर त्यांना बसायला खाट देतो, पाणी देतो आणि आपुलकीने विचारतो, “तुमच्या वार्डातून मांगच्या खेपी अपक्ष कोन उभा होता, सांगा बरं?”

पाहुणे आठवू लागतात. तुम्हीही सावकाश आठवा. त्याला घाई नाही.