शेवटचं प्रकरण

रंगाच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरने नीतिमत्तेची परीक्षा चहा निवायच्या आत उरकली. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचं सर्वेक्षण काढलं होतं. नाव गुप्त राहील, असं कॉम्प्युटरवर ठळक लिहिलं होतं आणि त्याखालीच कर्मचारी क्रमांक भरायचा होता. ऑफिसचं पेन घरी नेता का? आजारपणाची खोटी रजा घेता का? पठ्ठ्याने सरळ 'नाही'ची रांग धरली आणि प्रश्न न वाचता खालपर्यंत टिचक्या मारत सुटला.

घोटाळा जेवणाच्या सुट्टीत कळला.

"शेवटचा प्रश्न सोपा होता," शेजारी बसलेली कॅशियरबाई म्हणाली. "कंपनीची आचारपुस्तिका वाचलीय का? मी 'हो' म्हटलं."

याने हातातला घास डब्यात परत ठेवला. नोकरीत कायम होण्याचा त्याचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता, आणि नेमका आत्ताच त्याने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"बाई, तुमची पुस्तिका देता जरा?"

"अहो, ती भाच्याने नेली. पण सुंदर आहे हं. शेवटचं प्रकरण वाचताना तर डोळ्यांत पाणी येतं."

वॉचमनपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांनी पुस्तिका वाचली होती. जवळ मात्र कुणाच्याच नव्हती. घरी त्याने बायकोला विचारलं.

"कमाल आहे तुमच्या वेंधळेपणाची. हिरव्या कव्हरची ना? परवाच तर पाहिली मी."

घरातली एखादी वस्तू आपल्याला माहीत नाही, असं त्या माउलीने लग्नापासून कधी कबूल केलेलं नव्हतं. त्याने सगळी कपाटं उपसली. निघाली ती ऑफिसची पेनं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. तो केबिनमध्ये शिरला.

"पुस्तिका वाचली नाही म्हणणारे तुम्ही एकटेच," साहेब म्हणाले.

"चूक झाली साहेब. आजच वाचून काढतो."

"काय वाचणार? अशी पुस्तिका कंपनीने काढलेलीच नाही. खरं कोण बोलतं, ते बघायला तो प्रश्न घातला होता." साहेबांनी त्याचा कागद पुढे ओढून सही ठोकली. "उत्तर विचार करून दिलंत ना?"

"पूर्ण विचार करून, साहेब," तो म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. कालपासून पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

"शाब्बास. आता पुस्तिका काढावीच लागणार. तुमच्यासारख्यानेच लिहायला हवी ती."

तो बाहेर आला तो थेट कॅशियरबाईच्या टेबलापाशी. खुर्ची ओढून बसला आणि खिशातलं ऑफिसचं पेन काढलं.

"बाई, ते शेवटचं प्रकरण जरा सावकाश सांगा. लिहून घेतो."