स्कॉबेकला दोन विंगर हवेत

“विंगर काय, ढिगाने मिळतात!” सोमवारी कमिटीच्या बैठकीत थेल्मा रटलेजने जाहीर केलं. “शनिवारी दोन उभे करते. तुम्ही फक्त त्यांच्या मापाच्या चड्ड्या शोधून ठेवा.”

कमिटी म्हणजे स्वतः थेल्मा, कोच डेस टॉल्सन आणि क्लबच्या खोलीचं गळकं छप्पर. छप्पर नुसतंच ठिपकलं. डेसने सुस्कारा सोडला. समुद्राची भरती एखाद दिवशी चुकेल, पण डेसचा सुस्कारा चुकायचा नाही.

“थेल्मा,” तो म्हणाला, “अकरा सामने हरलोय आपण. मला वाटतं एक मोठा खड्डा खणावा आणि तेराही जणांना त्यात निजवावं. पण तेरा तरी कुठे आहेत? अकराच आहेत!”

खरं होतं. लीगच्या रग्बीत एका बाजूला तेरा माणसं लागतात. त्यातले दोघे दोन कडांना, ते विंगर. चेंडू मधून हातोहात सरकत कडेला यायचा आणि कडेच्याने तो घेऊन सुसाट सुटायचं. पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसल्यासारखं असतं ते. वाढपी तिथवर पोचेपर्यंत जिलबी संपलेली. स्कॉबेकच्या विंगरांना तर जिलबीचा वासही येत नसे. ऐंशी मिनिटं वाऱ्यात उभं राहून त्यांना फक्त सर्दी व्हायची.

तरी होते ते दोघे बरे होते. पण एक बहिणीच्या लग्नात कागदी फुलं टांगताना स्टुलावरून पडला आणि खांद्याचं हाड मोडून बसला. दुसऱ्याने जे केलं ते स्कॉबेकमध्ये पोरासोरांसमोर बोलत नाहीत. तो पंधरा जणांच्या रग्बीत गेला! त्या उच्चभ्रू, गुळगुळीत, हात मिळवून खेळणाऱ्या रग्बीत! त्याची बिचारी आई आजही पाव आणायला मागच्या गल्लीने जाते.

आणि नियम असा, की मोसमात तीनदा तेरा माणसं उभी करता आली नाहीत, तर संघ लीगमधून बाद. नुसती उभी करूनही भागत नाही, निदान मध्यंतरापर्यंत, म्हणजे चाळीस मिनिटं, सामना चालला पाहिजे. एकदा फ्लूने दगा दिला होता. एकदा आपल्याच बसवाल्याने संघाला भलत्याच गावी नेऊन सोडलं होतं. आता तिसरी पाळी आली की क्लब बंद, आणि उरलेसुरले खेळाडू ब्लॅकडेलच्या क्लबात विलीन. ब्लॅकडेलच्या! हे म्हणजे घर जळाल्यावर, ज्याने कधी विस्तवही दिला नाही त्याच शेजाऱ्याकडे राहायला जाण्यासारखं.

थेल्मा गेली एकोणीस वर्षं क्लबची सेक्रेटरी. जर्सी धुवायची, शिवायची, मध्यंतराला मटार आणि मटण-पॅटिस वाढायची, पंचांना गोड बोलायची. नवरा गेल्यापासून तर शनिवार हाच आठवड्यातला एक दिवस, जेव्हा चाळीसएक माणसं तिला नावाने हाक मारत. “थेल्मा, माझा मोजा कुठाय?” “थेल्मा, रक्त थांबत नाहीये!” उरलेल्या सहा दिवशी तिच्याशी फक्त रेडिओ बोलत असे, आणि तोही हवामानाबद्दल. क्लब गेला तर सातवाही दिवस रेडिओचाच. हे तिने कमिटीत सांगितलं नाही. चड्ड्यांबद्दल बोलून उठली.

मंगळवारी ती चर्चमधल्या तरुण पाद्र्याकडे गेली. पाद्री वाऱ्यासारखा धावे! मैदानावर आणून डेसने त्याला एकदा पाडून पाहिलं. पाद्री उठला आणि डेसला म्हणाला, “तुम्हाला लागलं तर नाही ना?” डेसने त्याला चहा पाजून परत पाठवलं. बुधवारी दूधवाला. त्याला डाव्या बाजूला वळताच येत नसे, कारण आयुष्यभर त्याच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडेच ओढायचं, असं त्याचं म्हणणं. गुरुवारी शाळेतले गणिताचे मास्तर आले. त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलं, पूर्ण वाचलं, आणि त्यात अकरा विसंगती आहेत हे दाखवून ते घरी गेले.

“आता?” डेसने विचारलं.

“आता काय! अजून अख्खा शुक्रवार आहे की!” थेल्मा म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

शुक्रवारी तिला फिअरन भाऊ आठवले. जोनस आणि इर्विन. चाळिशीचे, अविवाहित, मेंढ्या पाळणारे. डोंगरावर दहा-दहा मैल असे चालत, की मागून मेंढ्यांना धाप लागे. ती गेली तेव्हा दोघे दगडी भिंतीची डागडुजी करत होते.

“जोनस, तुम्हाला पळता येतं ना?”

“कुणाच्या मागे, बाई?”

“मागे नाही रे. लोक तुमच्या मागे पळणार.”

“का? आम्ही काय केलं?”

“तुमच्याकडे चेंडू असतो म्हणून!”

जोनसने विचार केला. एक दगड उचलला, फिरवून पाहिला, भिंतीत बसवला. “मग चेंडू त्यांना देऊन टाकावा की,” तो म्हणाला. “भांडण कशाला?”

इर्विनने मान डोलावली. इर्विन बोलत नसे. दोघांच्या वाटचं जोनस बोले, आणि तेही बेताचंच.

थेल्मा त्या ओल्या गवतात मटकन बसली. आणि मग कसं कोण जाणे, तिच्या तोंडून रेडिओचं सगळं निघालं. सातव्या दिवसाचंसुद्धा. दोघे भाऊ टोप्या काढून उभे राहिले, मयताला राहतात तसे.

“येतो आम्ही,” जोनस म्हणाला. “पण उद्या अडीचला मागाची शर्यत आहे.”

थेल्माने कपाळावर हात मारला. सामनाही अडीचलाच! ही शर्यत शिकारी कुत्र्यांची. डोंगराच्या मध्यावर दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतात. बडीशेपेच्या तेलात आणि रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी दोरीला बांधून एक जण सुरुवातीच्या दिशेने निघतो, दुसरा शेवटाच्या. चिंधी फरफटत न्यायची. शेवटाला पोचलं की ती उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायची. मग कुत्री सुटतात आणि त्या वासावर पाच डोंगर पालथे घालतात, आणि शेवटच्या कुरणात मालक खाण्याचे वाडगे वाजवत, शिट्ट्या मारत आपापल्या कुत्र्याला बोलावतात. हा माग टाकणारे गेली वीस वर्षं हेच दोघे!

“शेवटचं कुरण कोणतं?”

“तुमच्या मैदानाच्या भिंतीपलीकडचंच.”

थेल्मा ताडकन उठली. “मग झालं तर! इर्विन सुरुवातीकडून सायकलवर येईल. आणि तू, जोनस, शेवट गाठायचा, भिंत ओलांडायची की आलासच मैदानात! पाहुण्यांची बससुद्धा तुझ्यापेक्षा लांबून येते.”

शनिवारी ब्लॅकडेलचा संघ आला. एकेक गडी धान्याच्या कोठारासारखा. दोन वाजून बावीस मिनिटांनी इर्विन सायकलवरून उतरला आणि मुकाट्याने पाच नंबरची जर्सी घातली. दोन वाजून अठ्ठावीस झाले तरी जोनसचा पत्ता नाही. पंच मिस्टर प्रिंगल घड्याळ काढून उभे. असा काटेकोर माणूस, की सावलीसुद्धा वेळेवर पडे.

“बारा,” मिस्टर प्रिंगल म्हणाले. “मला बाराच दिसतात, मिसेस रटलेज.”

“आला! तो बघा आला!” थेल्मा किंचाळली.

जोनस कुरणातून धावत येत होता. भिंतीवर हात टेकून त्याने उडी मारली, आणि मागोमाग दोरीवरून ती चिंधीही भिंत ओलांडून आली, फरफटत.

“डबा!” तो धापा टाकत म्हणाला. “डबा कुरणात राहिला, थेल्माबाई. चिंधी बंद करून येतो.”

“मरू दे तुझा डबा! एक मिनिट राहिलंय! कुठेतरी खुपस तिला!”

आज्ञाधारक माणूस. त्याने दोरी गुंडाळली, चिंधी चड्डीत खुपसली, वरून जर्सी घातली आणि कडेला जाऊन उभा राहिला. तेरा! मिस्टर प्रिंगलनी शिट्टी फुंकली. थेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. भावनेने आलं की रॉकेलने, हे तिला त्या क्षणी कळलं नाही.

पुढच्या तीस मिनिटांबद्दल न बोललेलं बरं. ब्लॅकडेलचे गडी आमच्यातून असे जात होते, जसे बाजारच्या दिवशी लोक सरकत्या दारातून जातात. अठ्ठावीस शून्य. जोनसकडे चेंडू फिरकला नाही. तो ढगांकडे पाहून उद्याच्या हवेचा अंदाज घेत होता. दुसऱ्या कडेला इर्विन एका दगडावर बसला होता. पण काय बिघडलं? दहा मिनिटं फक्त काढायची होती! थेल्मा ओठ हलवत मिनिटं मोजत होती, कुणी जपमाळ ओढावी तशी.

एकतिसाव्या मिनिटाला डोंगरावरून आवाज आला.

“डेस,” ती हळूच म्हणाली, “आजची कुत्री किती रे?”

“तेवीस,” डेस म्हणाला. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, जोनसकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुस्कारा सोडायला विसरला.

तेवीस कुत्री शेवटच्या कुरणात आली, मालकांच्या वाडग्यांना हुंगलंसुद्धा नाही, आणि एका लाटेसारखी भिंतीवरून मैदानात कोसळली. आणि नेमका त्याच क्षणी, या मोसमात प्रथमच स्कॉबेकच्या विंगरकडे चेंडू आला: कुणाच्या तरी हातून निसटून थेट जोनसच्या छातीवर आदळला!

जोनसने चेंडू धरला. मागे पाहिलं. आणि तो पळाला.

काय पळाला! ब्लॅकडेलचे गडी बाजूला झाले. त्याला वाट द्यायला नव्हे, कुत्र्यांना. तो रेषेपार गेला, चेंडू टेकवला आणि स्कॉबेकचे चार गुण झाले! डेस गुडघ्यांवर बसून रडू लागला. पण कुत्री थांबली नव्हती, म्हणून जोनसही थांबला नाही. चेंडू तिथेच टाकून तो मैदानाला प्रदक्षिणा घालू लागला.

मिस्टर प्रिंगलनी सामना थांबवायची शिट्टी फुंकली. पण तोवर तेवीस कुत्र्यांचे तेवीस मालक वाडगे घेऊन आत घुसले होते, आणि प्रत्येक जण आपापली शिट्टी मारत होता. लांब, आखूड, दोन बोटांची, चार बोटांची! त्यात पंचांची शिट्टी म्हणजे वरातीत लावलेली उदबत्ती. कुणाला ऐकू आली नाही. खेळाडू खेळत राहिले. चेंडू मिळाला की पळायचं, नाही मिळाला तर कुत्र्यापासून पळायचं.

“माझी काळी पहिली पोचली!” एक मालक ओरडला.

“कुठे पोचली? शेवट कुठाय ते आधी सांग!”

“शेवट पळतोय ना तिकडे! दोन नंबरची जर्सी!”

शेवटी इर्विन दगडावरून उठला, भावाच्या वाटेत शांतपणे आडवा उभा राहिला, त्याच्या चड्डीत हात घालून चिंधी काढली आणि भिंतीपलीकडे भिरकावली. कुत्री गेली. मालक गेले. शांतता झाली. मिस्टर प्रिंगल मैदानाच्या मध्यावर उभे होते, गाल फुगलेले, चेहरा जांभळा.

“मी एकतिसाव्या मिनिटाला सामना रद्द केलाय, मिसेस रटलेज.”

“कुणी ऐकलं?” थेल्माने विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग खेळ थांबला का?”

“नाही.”

“आत्ता किती वाजले, मिस्टर प्रिंगल?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. काटेकोर माणूस, खोटं बोलणं जमेना. “बेचाळीस मिनिटं झाली आहेत,” ते पडेल आवाजात म्हणाले, आणि वहीत लिहिलं: मध्यंतरापर्यंत सामना पूर्ण, दोन्ही बाजू तेरा-तेरा. मग क्षणभर थांबून म्हणाले, “कुत्री कोणाच्या बाजूने धरू?”

पुढचा अर्धा भाग खेळायची कुणातच ताकद नव्हती. कुत्र्यांच्या गोंधळात त्यांचे आणखी सहा झाले होते, चौतीस चारने हरलो. पण क्लब वाचला! थेल्माने दोघा भावांना मटण-पॅटिस दोन-दोन वाढले, त्यावर पुन्हा एकेक.

“कुत्र्यांच्या मंडळाने आम्हाला दोन वर्षं माग टाकायला बंदी केलीय,” जोनस म्हणाला.

“अरेरे!” थेल्मा म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं. निदान तीन सेकंद. “म्हणजे आता तुमचे शनिवार मोकळेच की रे!”

जोनसने टोपी काढली.

“मोकळे होते, बाई. पण आत्ता ब्लॅकडेलचा कोच येऊन गेला. आम्ही दोघांनी सही केली त्यांच्याकडे. त्यांचं मैदान समुद्राकडे आहे, तिथे कुत्री येत नाहीत.”

“पण… जोनस…”

“आणि तिथे चेंडूही मिळतो म्हणे,” इर्विन म्हणाला.

वीस वर्षांत तो हे एवढंच वाक्य बोलला असेल.

सोमवारी सकाळी ती दारात उभी होती, हातात दोन कोरे अर्ज. टपालवाला आला. थेल्माने पत्रं घेतली नाहीत. मान तिरकी करून ती त्याच्या पोटऱ्यांकडे बघत राहिली. टपालवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा अर्जांकडे पाहिलं, पत्रं पायरीवर ठेवली आणि धूम ठोकली. खाली पार बंदरापर्यंत! आणि सांगते, काय सुरेख पळत होता मेला!