आंथीच्या मजल्याच्या सळया

पांतेलिसच्या ताटातल्या तळलेल्या मासळीवर काँक्रीटचा ढलपा पडला, तेव्हा त्याच्या बायकोने, एव्हदोकियाने, आधी मासळी उचलली आणि मग वर पाहिलं. ओसरीच्या तुळईतून तांबूस सळई डोकावत होती. जुनं घर आहे, चालायचंच, म्हणत पांतेलिसने तिथे सिमेंट थापलं. काही दिवसांनी ते सिमेंट पाद्रीबुवांच्या उंच टोपीवर उतरलं. बुवांनी क्षमा केली, एव्हदोकियाने नाही. तिने इंजिनिअर झाखारिसला बोलावलं.

झाखारिस गावातलाच. त्याने हातोडीने खांब ठोकून पाहिले. आवाज पोकळ येत होता. मग तो गच्चीवर चढला. तिथे प्रत्येक खांबाच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. गावात मुलगी झाली की बाप गच्चीवर अशा सळया सोडतो, आणि तिचं लग्न झालं की तिचा मजला चढतो. पांतेलिसची आंथी लग्न करून जर्मनीत रमली. सळया मात्र समुद्राचा खारा वारा खात तिची वाट बघत राहिल्या.

"काका, मीठ आणि ओल या सळयांवरून थेट खांबात उतरलीय," झाखारिस म्हणाला. "लोखंड गंजलं की फुगतं, काँक्रीट आतून फोडतं. आतल्या सळया बारीक झाल्यात, त्यांची पकड सुटलीय. दुरुस्त केलं तर आहे ते घर तगेल. वर मजला नाही चढायचा. आणि ह्या कापायच्या."

"रंग फासला तर?"

"आतल्या गंजाला कसा फासणार?"

पांतेलिसने त्याच संध्याकाळी शिडी लपवली. सळया कापल्या की लेक येत नाही हे गावाला कळणार होतं. त्याहून वाईट म्हणजे त्याला स्वतःला कळणार होतं. छपराच्या भीतीने एव्हदोकियाने जेवणाचं टेबल अंजिराखाली नेलं, मग पलंगही नेला. नवराबायकोचं फाटलं, अशी गावभर बोंब झाली. समेट घडवायला पाद्रीबुवा आले, या खेपेला भाच्याचं हेल्मेट घालून.

त्या हेल्मेटपुढे पांतेलिस हरला. त्याने आंथीला फोन लावला आणि तुझा मजला गेला, असं एका दमात सांगून टाकलं.

"बाबा, सुटले मी," आंथी म्हणाली. "गावी आलं की आधी त्या सळयाच दिसायच्या. एकदा आलीस, आता राहा, असं म्हणत असल्यासारख्या. म्हणून यायचंच टाळत होते. कापा त्या. पोरीला घेऊन पुढच्या महिन्यात येते, माझ्या जुन्या खोलीत राहते."

भर दुपारी, अख्खं गाव वामकुक्षीत असताना, पांतेलिसने झाखारिसचं दार बडवलं. कापायचं यंत्र घेऊन आत्ताच्या आत्ता चल, म्हणाला. झाखारिस डोळे चोळत समजावू लागला, की आधी खांबांना टेकू द्यायला हवेत, सळयांना काय घाई आहे.

"खांब थांबतील रे," पांतेलिस म्हणाला, "आंथी यायचं म्हणतेय, तिचा विचार बदलायच्या आत चल."