चार कोयते केरळला

मुकादमनाना माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नानांनी उभी हयात आमच्या दिंद्रुड गावातून टोळ्या बांधल्या आणि कारखान्याकारखान्यावर नेल्या. आता गुडघे गेले, टोळी गेली, मोजमाप तेवढं राहिलं. लग्नाहून आले की विचारतात, "पंगतीला किती कोयते व्हते बे?" मी त्यांचा बिनलग्नाचा शेजारी, म्हणून मी अर्धा कोयता. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ए अर्ध्या! चार कोयते केरळला न्यायलोय. ये, नियोजन ऐक."

न्हाव्याच्या दुकानात दाढीचा फेस तोंडावर असताना नानांनी कुणाच्या तरी मोबाइलवर केरळ पाहिलं होतं. पाण्यावर तरंगणारी घरं, जंगलातून जाणारे बांबूचे तराफे, रंगवलेल्या तोंडांचे नाचणारे पुरुष. दाढी अर्धी सोडून ते उठले म्हणतात. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्या बीड जिल्ह्याइतका प्रवास दुसरं कोण करतं? दरसाल दिवाळी झाली की अर्धी गावं कुलूप लावून निघतात. उघड्यावर राहणं, तीन दगडांची चूल, आंघोळीला पाटाचं पाणी. शहरातले लोक याच गोष्टींसाठी वर पैसे मोजतात आणि त्याला निसर्गसहल म्हणतात. आमच्या लोकांनी हेच केलं तर त्याला स्थलांतर म्हणतात आणि त्यावर परिसंवाद भरवतात.

"पण नाना, एकदम केरळ?"

"ही," नानांनी अंगणात तूर पाखडणाऱ्या सोजरकाकूंकडे बोट दाखवलं. "हिनं जलमभर उसाबिगर दुसरं हिरवं काय बघितलंच न्हाई. पाण्यातल्या घरात बसवायचंय तिला, राणीवानी."

"काकूंना विचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय समदं."

काकू पाखडत राहिल्या. फोलपटं नेमकी नानांच्या अंगावर उडत होती.

नानांना प्रवास करवण्याची एकच रीत ठाऊक होती, आणि तिच्यात त्यांनी केरळ बसवलं. बाकीचे तीन कोयते म्हणजे गल्लीतले निवृत्त बाबूराव सर, किराणावाले आणि नानांचे साडू, सगळे सपत्नीक. त्यांची नानांनी निवड चाचणी घेतली. जंगलात चढण असते, म्हणून ज्वारीचं पोतं डोक्यावर देऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायला लावलं. सर दुसऱ्या पावलाला पोत्यासकट खाली आले.

"सर, असल्यानं तुमी साहसी पर्यटन कसं करताव?"

"अहो मुकादम, आम्ही तिकडं पोती वाहणार आहोत का?"

"तयारी नगं का? नियोजन लागतंय, नियोजन!"

मग पाण्याची तयारी झाली. माजलगावच्या धरणावर मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात. तसला एक तराफा मागून नानांनी किराणावाल्याला त्यावर बसवलं आणि काठावरून हुकूम सोडले. तराफा गोल फिरला. किराणावाला देवांची नावं घेत होता, त्याची बायको काठावर हसून खाली बसली होती. नानांनी निकाल दिला, "ह्यो कोयता बाईच्या जिवावर चालंल."

संस्कृतीचाही अभ्यास झाला. सरांनी कथकलीचं समजावून सांगितलं. रात्र रात्र चालतं, तोंड रंगवतात, सगळी गोष्ट डोळ्यांनी सांगतात.

"डोळे वटारून?"

"हो, तेही असतं."

"मग त्याला तिकीट काढून काय बघायचं? हिशेबातून आगाऊ दिलेली उचल कापली की समदी टोळी माझ्याकडं तसंच बघायची."

हे सांगताना नाना खदाखदा हसले. हा माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. कारखाना मुकादमाला पिळतो आणि मुकादम टोळीला. या चरकात मधल्या जागी राहून राहून नानांना चिपाडाचीही गंमत वाटायला लागली होती, इतकंच.

बीडहून सहलवाला पोरगा कार्यक्रम समजावून द्यायला आला, तेव्हा तर मी मुद्दाम भिंतीवर चढून बसलो.

"काका, पहिल्या दिवशी आरामात नऊला नाश्ता."

"हजेरी पाचला."

"काका, सुट्टी आहे!"

"सुट्टी हाय म्हणून पाच. फडावर तीनला उठवीत व्हतो."

"आणि जेवण सगळं हॉटेलचं, स्वयंपाकाची काही गरज नाही."

"पयल्या दिवशी चूल पेटली न्हाई तर टोळी फुटती, लेका. तुला काय कळतंय? चारी बाया भाकरी थापतील, आमी भाईर बसूत."

पोरगा घाम पुसत म्हणाला, "काका, तिकडं ऊस नाही हो."

"नसू दे. माणसं तीच हायेत ना?"

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात सामान रचलं गेलं. ताडपत्री, पाण्याचा पिंप, बाजरीच्या पिठाचं पोतं, रॉकेलचा जुना स्टोव्ह, परात, काटवट, बांबू, आणि सगळ्यात वर काकूंची पत्र्याची पेटी. सगळं सुंभानं आवळलेलं. नानांनी भोवती एक फेरी मारली आणि मिशीवरून हात फिरवला. "बघ बे अर्ध्या, ह्याला म्हणतेत नियोजन."

काकू दूध घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसल्या.

"मी येणार न्हाई."

"कावून? आता काय झालं?"

"कुठंबी न्या. ह्या सामानाच्या मागं मी येणार न्हाई."

"अगं, फिरायला चाललोत! फडावर न्हाई."

"मला काय फरक दिसंना." काकूंचा आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलत होत्या. "माझी आई गेली तवा सांगावा आलता फडावर. तुमी म्हणलाव, मुकादमाचीच बायको उठली तर उद्या समदी टोळी उठंल, पट्टा पडंपर्यंत, हंगाम सरंपर्यंत दम धर. त्या दिशी म्या मोळ्या वाहिल्या. पट्टा पडल्यावर गेले तर तिथं काय उरलं व्हतं? तवापून मी माहेरी ऱ्हायले न्हाई. आन आता म्हणताव राणी."

नाना म्हणाले, "तवा गाड्या भरायच्या..." शेकडो माणसांना एका आवाजात उठवणारा हा माणूस ताडपत्रीची गाठ उगाच सोडत आणि बांधत बसला. मी भिंतीवरून उतरलो. बघण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

सकाळी नानांच्या दाराला कुलूप होतं. अंगण मोकळं होतं, सामान कुठं गेलं कुणास ठाऊक. तिन्ही कोयते परळीला रेल्वेत बसले ते नानांच्या नावानं बोटं मोडतच. पुढं मात्र सरांचा पाण्यातल्या घरावरचा फोटो आला. नऊ वाजून गेले होते आणि सर लुंगीवर होते. खाली लिहिलं होतं, हजेरी नसल्याने प्रकृती उत्तम.

मी नानांना फोन लावला. तीनदा वाजला तेव्हा कुठं उचलला.

"कुठं आहात?"

"हिच्या माहेरी. धारूरच्या डोंगरात."

"कोण कोण आहे तिथं?"

"तिचा भाऊ हाय, भावजय हाय. आईला अग्नी दिला ती जागा दावली त्यांनी. ही लई येळ बसली तिथं." मागून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यात एक हसू घोगरं, मोठं, मधूनच खोकला येणारं होतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, पण ते काकूंचं आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

"तुम्ही आत नाही बसलात?"

"न्हाई, मी भाईर वट्यावर हाय. त्या बोलायल्यात. मधी कशाला जायचं?"

एका वट्यानं मागचं काही फिटत नाही. टोळीतल्या आणखी किती जणींच्या आया अशाच गेल्या असतील, त्यांच्या माहेरच्या वट्यावर कोण जाऊन बसणार आहे? हे विचारायचं मी ठरवलं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"परत कधी येणार, नाना?"

पलीकडं आत पुन्हा कुणीतरी हसलं.

"म्हायती न्हाई बे," नाना हळू आवाजात म्हणाले. "तिनं अजून सांगितलं न्हाई."