भिकाजी गुरवाचा चष्मा

भिकाजी गुरवाने आरतीत कापूर समजून डांबरगोळी पेटवली, आणि देवळातली माणसं खोकत खोकत बाहेर आली. त्याच दिवशी सून नम्रताने जाहीर केलं, "मामंजी, उद्या रत्नागिरी. चष्मा. आता तुमचा काय ऐकायची नाय!"

भिकाजी हट्टाला पेटला. "माझा काय अडतंय चष्म्यावाचून?" त्याचं खरोखरच काही अडत नव्हतं. पावस गावाच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कातळावरच्या त्या देवळात कौल लावावा तर भिकाजीनेच, असं आसपासच्या वाड्या म्हणत. देवाच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात समईचा उजेड तो केवढा! काहीतरी पांढरं घरंगळलं एवढं भिकाजीला दिसे. बाजू कोणती, ते त्याला आतून उमजे. गाऱ्हाणं घालताना कोण हुंदका गिळतंय, कोण उगाच मोठ्याने बोलतंय, हे कानावर पडायचंच. लबाडी करतोय असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. आणि कौल असे लागू पडायचे की बोलायची सोय नाही!

चष्मा आला. पहिल्या दिवशी भिकाजीला स्वतःच्या हातावरचे केस दिसले, आमटीतली मोहरी दिसली, आणि देवाच्या नाकाचा टवका उडालाय हेही दिसलं. तो गोंधळलाच. घराची पायरी एकदम जवळ आल्यासारखी वाटायची, म्हणून तो पाय गुडघ्यापर्यंत उचलायचा. पण खरा घोळ झाला गाभाऱ्यात. वाडीतल्या विनीतच्या लग्नाचा कौल लावला, कळी पडली डावी. स्पष्ट, ढळढळीत डावी. शेजारच्या चिमाने नव्या विहिरीचं विचारलं, पुन्हा डावी. तिसऱ्याचंही तेच!

वाडीत कुजबूज सुरू झाली. देव कोपला म्हणावं, तर कोपायचं कारण सापडेना. शेवटी चिमाच म्हणाली, "देवाला कशाला नावा ठेवताव? आधी कौल बरोबर यायचा. नवा काय आला देवळात? चष्मा!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. भिकाजीलाही पटलं. तो एकटाच एस.टी.ने रत्नागिरीला गेला आणि दुकानात चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाला, "ह्याच्यातून उजवा ता डावा दिसतंय."

दुकानदाराने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. भिकाजीने शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. "काका, नंबर एकदम बरोबर आहे."

"मग कौल कसा बिघडला?"

"तो नंबर आमच्याकडे तपासत नाहीत हो," दुकानदार हात जोडून म्हणाला.

भिकाजी परत आला तर देवळात आनंदीबाई आणि तिची सून राजश्री बसलेल्या. राजश्रीचा नवरा मुंबईला. ती दिवसभर लोकांच्या आंब्याच्या बागेत राबायची. पावसच्या रस्त्यावर एक गाळा मिळत होता, तिथे खाणावळ घालायची तिची फार इच्छा होती. गाळेवाल्याला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, नाहीतर गाळा मोबाईलवाल्याला जाणार. "लोकांची खरकटी काढायची नाय माझ्या सुनेने," असं सांगून आनंदीबाईने गेले कित्येक दिवस पाय रोवले होते. शेवटी देव सांगेल ते दोघींनी मानायचं ठरलं. चष्म्यातून डावेच कौल येतायत हे कानावर आल्यावर आनंदीबाई एकदम कौलाला तयार झाली होती.

"चष्मा लावूनच बघ हां, भिकाजी," ती म्हणाली.

"काका, नेहमीसारखा लावा ना," राजश्री हळूच म्हणाली.

भिकाजीची पंचाईत झाली. चष्मा काढावा तर एक रुसणार, ठेवावा तर दुसरी रडणार. पण डोळे असून झाकायचे, तेही देवासमोर, हे त्याच्या जिवाला पटेना. त्याने चष्मा लावूनच गाऱ्हाणं घातलं. मागे राजश्रीचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. देवा, उजवी पाड रे बाबा, असं भिकाजी मनातल्या मनात विनवत होता.

कळी पडली. डावी.

"डावा," भिकाजी कसाबसा म्हणाला. त्याला ओरडून रडावंसं वाटलं.

"बघू, बघू! माझ्या डोळ्यांनी बघतंय," म्हणत आनंदीबाईने त्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला आणि विजयाने सुनेकडे वळली. "पटला ना आता तुला?..."

दाराच्या उजेडात राजश्री उभी होती. डोळे खोल गेलेले, कानशिलांवरचे केस पांढरे, आणि आंब्याचा चीक उतून, कातडी भाजून गाल काळाठिक्कर पडलेला.

"अगो, तोंड कसला झालाय तुझा?"

"चीक उडतो, आई. दरसाल उततो."

"आणि केस कधी पिकले?"

"पिकले कधीच."

"मला सांगितला नाय कोणी!"

"तुम्ही विचारलात कधी?" राजश्री म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता.

आनंदीबाईने पदराने डोळे टिपले, चष्म्याच्या काचाही टिपल्या. मग ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकली आणि कळीकडे बराच वेळ बघत राहिली.

"भिकाजी, मेल्या, उजवा हाय की रे!"

"आनंदीबाय, आत्ता मी ह्याच डोळ्यांनी..."

"काय बघितलास? वायच नीट बघ! उजवा हाय."

भिकाजीने डोळे बारीक केले. समईजवळ काहीतरी पांढरं पडलेलं होतं. त्याने कान दिला. राजश्री पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडत होती.

"होय गो," तो म्हणाला, आणि त्याला अगदी मनापासून तसंच दिसत होतं. "उजवाच हाय."

"मग! चल गो राजश्री, गाळेवाला थांबलाय."

"आनंदीबाय, माझा चष्मा?"

आनंदीबाईने एका हाताने सुनेला धरलं आणि दुसऱ्या हाताने चष्मा नाकावर घट्ट बसवला.

"ऱ्हवंदे माझ्याकडेच. तुला काय नीट दिसत नाय ह्याच्यातून."