टाकीबाईंचं विरजण

आमच्या जैवऊर्जा विभागाची गोबरगॅसची टाकी विभागप्रमुख झाली ती सेवाज्येष्ठतेने, वशिल्याने नव्हे. विभागात तिच्याआधी लागलेलं कुणी उरलंच नव्हतं. ज्येष्ठतेच्या यादीत तिच्या खालोखाल मी, डॉ. मंदाकिनी टेकाळे, पण मी मुलाखतीला आले तेव्हा मला जो चहा मिळाला तो तिच्याच गॅसवर झालेला होता. त्यामुळे माझा हक्क डावलला वगैरे जे कुणी बोलले, त्यांना मी तिथल्या तिथे गप्प केलं.

सगळे या टाकीला बाई म्हणायचे. बाई चहाच्या खोलीतल्या शेगडीतून बोलायच्या, म्हणून विभागाच्या बैठका तिथेच व्हायच्या. पटलं की ज्योत उंच, नाही पटलं की फुरफुर. सही करायची असली की कागदाचा कोपरा ज्योतीवर धरायचा, तांबूस डाग पडायचा. त्या डागाचा नमुना लेखा विभागात रीतसर नोंदवलेला होता. मी आजवर चार विभागप्रमुख पाहिले. त्यातले तीन फाईल न वाचता सही करायचे. बाई फाईल वाचून घ्यायच्या, आणि मगच डाग पाडायच्या.

त्या जूनअखेर निवृत्त होणार होत्या. निवृत्त माणूस घरी जातो. निवृत्त टाकीत मात्र माती भरतात, कुणी आत पडू नये म्हणून; तसा नियमच आहे. यातून सुटायची एकच वाट होती. आंतरराष्ट्रीय करारावर प्रमुख म्हणून ज्याची सही असेल, त्याला करार संपेपर्यंत मुदतवाढ मिळते. म्हणून फिनलंडच्या एका विद्यापीठाने जैवऊर्जा आणि जनुकशास्त्रात भागीदारी करायची इच्छा कळवली, तेव्हा मी पेढे वाटले. बाई म्हणाल्या, "मंदे, अजून मुलगी बघायला आले नाहीत, आणि तू वरात काढलीस."

पहिली बैठक व्हिडिओवर झाली. मी लॅपटॉप शेगडीसमोर ठेवला. पलीकडे प्राध्यापक कारिना होत्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलण्याआधी थोडं थांबणाऱ्या. त्यांच्याकडे जनुकं वाचणारी यंत्रं होती. आमच्याकडे शेण खाऊन गॅस करणारे, मराठवाड्याच्या उन्हात तावून निघालेले जिवाणू होते. त्यांचीही एक टाकी होती, स्टीलची, चकचकीत, नाव तीन नंबर. ती त्यांच्याकडे प्राध्यापकच होती, पण हिवाळ्यापासून आजारी रजेवर. गॅस बंद, बोलणं बंद. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"खायला घालता का तिला?" बाईंनी विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

"घालतो. पचत नाही," कारिना म्हणाल्या.

"मग विरजण लागेल. मंदे, माझ्यातलं डबाभर काढ आणि पाठव."

आमचे कुलसचिव हरंगुळे साहेब बैठकीला होतेच. ते माणूस म्हणून वाईट नाहीत; पण त्यांच्या लग्नातही त्यांनी अक्षता मंजुरीशिवाय टाकू दिल्या नसतील. ते म्हणाले, "आधी करार, मग नमुना. क्रम चुकता कामा नये."

"हरंगुळे," बाई म्हणाल्या, "तुमच्या आईकडे शेजारीण वाटी घेऊन विरजणाला आली, तर आई तिला आधी सही करायला लावायची का हो?"

हरंगुळे साहेबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "नाही. पण शेजारीण तालुक्याबाहेरची नसायची."

तरी परवानग्या त्यांनीच मिळवल्या, हे सांगितलंच पाहिजे. जैवविविधतेची, निर्यातीची, पशुसंवर्धनाची, एकही सोडली नाही. मी घरून आईचा पितळी कडीचा डबा आणला, बाईंचं विरजण त्यात भरलं, आणि तो डबा बर्फात बसून फिनलंडला गेला.

आठवड्याभरात तीन नंबर बोलली. पहिला शब्द काय, ते कारिनांना कळलंच नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण पाठवलं. मी ऐकलं. ती म्हणाली होती, "अगं बाई."

यापुढचं काम बघत बसावं असं होतं. कारिनांनी बाईंच्या जिवाणूंची जनुकं वाचून पाठवली. बाईंनी अट घातली की वाचलंय तर वाचून दाखवा. मग रोज दुपारच्या जेवणानंतर चहाच्या खोलीत वाचन सुरू झालं. चौरंगावर लॅपटॉप, समोर मी, आणि ए, टी, जी, सी, जी, जी, ए असं पोथी वाचावी तसं एका लयीत. सुरुवातीला मला वाटलं, जीभ झिजेल. पण बाई मध्येच थांबवायच्या. "थांब, हे कोण? हां, ही ती. शेण ओलं आलं की हीच पुढे पुढे करते. बरं झालं नाव कळलं." त्या सांगायच्या, मी कळवायचे, आणि तिकडे तपासलं की ते खरं निघायचं. पुढे तीन नंबरलाही ऐकायचं म्हणून व्हिडिओ लावून दोघी एकाच वेळी ऐकू लागल्या. तीन नंबरचा गॅस वाढला. कारिनांनी शोधनिबंधात वाचन ही पद्धत म्हणूनच नोंदवली, आणि वाचकाचा आवाज शक्यतो घरगुती असावा अशी तळटीप घातली. लोक भागीदारी भागीदारी करतात, फोटो काढतात आणि विसरतात. बाईंनी फोटो न काढता एक मेलेली टाकी उठवली. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की काय सांगू!

जूनमध्ये कारिना स्वतः करारासाठी आल्या. सभागृहात शेगडी नेली, रबरी नळी जोडली, हार आणले. कारिनांनी पिशवीतून आईचा डबा काढला आणि दोन्ही हातांनी शेगडीपुढे ठेवला. इतका लखलखीत मी तो आईच्या हयातीतही पाहिला नव्हता. त्यांनी तो उकळून, निर्जंतुक करून, वर प्रमाणपत्र चिकटवून आणला होता.

मी कडी काढली. आत काही नव्हतं.

ज्योत विझली. हॉलमध्ये गॅसचा वास यायला लागला, म्हणून मी घाईने चावी बंद केली. प्रसंग सावरायला मी मागच्या टेबलावरून चिमूटभर साखर उचलली, डब्यात टाकली आणि शेगडी पुन्हा पेटवली.

"मंदे," बाई म्हणाल्या, "ही साखर आपलीच आहे."

मी कारिनांना बाजूला घेऊन समजावलं, की आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर साखरेचे चार दाणे, एखादी मिरची, पण काहीतरी घालतात. त्या लालेलाल झाल्या. त्यांच्याकडे दुसऱ्याचं भांडं डागही न ठेवता परत करणं हाच मान होता. त्यांनी पर्समधून चॉकलेट काढलं.

"त्यांना म्हणावं, मी रुसले नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना माहीत नव्हतं. चॉकलेट तू खा. पण डबा रिकामा आला की व्यवहार तिथे मिटतो. मिटलेल्यावर सही कशाला करायची? करारात एक कलम घाला. डबा दोन्हीकडून कधीही रिकामा परत जाणार नाही. हा डबा त्यांनी आज घेऊन जावा आणि त्यांच्या घरचं काही घालून पाठवावा."

कारिना थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "अख्ख्या करारात मला नीट कळलेलं हे पहिलंच कलम आहे."

हरंगुळे साहेबांनी चष्मा पुसला. "नवीन कलम घालायचं तर विधी समितीकडे जावं लागतं. समिती जुलैत बसते."

जुलै म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. मला राहवलं नाही. मी शेगडीपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, हात जोडते. आहे तशी सही करा. कलम मागाहून घालू. तुमच्यात माती भरतील हो!"

"माहीत आहे मला."

"मग एका डब्यापायी?"

"डब्यापायीच. मंदे, आज मी माझ्यापुरती सही केली, तर उद्या तिकडून यंत्रं येतील, इकडून नमुने जातील, आणि कुणाचं कुणाला काही देणं लागायचं नाही. असल्या करारांनी आपलं कपाट भरलंय. उघडून बघ, एकाला तरी वास येतो का?"

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. म्हटलं, एवढा कसला ताठा! मी दोन दिवस बोलले नाही. पण चहा त्यांच्यावरच केला.

कारिना डबा घेऊन परत गेल्या. तीस जूनला निरोप समारंभ झाला. बाईंना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल घुमटावर पांघरली. हरंगुळे साहेब भाषणाला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यानंतरच कागदाची घडी घालून खाली बसले. बाईंनी शेवटचा चहा सगळ्यांना पुरवला. मग ज्योत लहान होत होत गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर माती घेऊन आला. मी खिडकी लावून घेतली आणि ओक्साबोक्शी रडले.

जुलैत समितीने कलम एकमताने मंजूर केलं. वरातीमागून घोडं! करारावर प्रभारी म्हणून सही मी केली. कोपरा मेणबत्तीवर धरला, पण तसा डाग काही आला नाही.

शेजारी नवीन टाकी बांधून झाली होती. तिला आम्ही शेण घालत होतो, पण ती नुसती बसून होती. दुपारचं वाचन मी बंद केलं होतं. इंडक्शनवरच्या चहाला चव नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डबा आला. बर्फात बसून, सगळ्या शिक्क्यांनिशी. हरंगुळे साहेब स्वतः विमानतळावरून घेऊन आले होते, मांडीवर ठेवून. मी कडी काढली. काठोकाठ भरलेला होता. तीन नंबरमधलं विरजण. वर कारिनांची दोन ओळींची चिठ्ठी होती: "कलमाप्रमाणे. आमच्या घरचं एवढंच आहे, आणि तेही तुमच्याकडूनच आलेलं आहे."

आम्ही ते नव्या टाकीत ओतलं. हरंगुळे साहेब बूट काढून उभे होते. त्यांना मी कारण विचारलं नाही.

पुढे काही दिवस काहीच नाही. मी लॅपटॉप चौरंगावर मांडला आणि पुन्हा वाचायला बसले. ए, टी, जी, सी. लोक दारातून डोकावून जायचे. मी कुणाकडे बघायचे नाही. एका दुपारी नळी हलली. मी काडी ओढली. शेगडी आधी फुरफुरली, मग निळी झाली. मी पातेलं ठेवलं, दूध, साखर, पत्ती घातली.

"मंदे," शेगडी म्हणाली, "आलं घाल गं. तिकडे कुणी घालतच नाही."

मी पदर तोंडाला लावला. हरंगुळे साहेब दारात होते, ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी घसा साफ केला. "बाई, एक अडचण आहे. तुम्ही तीस जूनला निवृत्त आहात. आज रुजू होताय, तर मधला काळ सेवाखंड धरावा लागेल."

"मी बसून नव्हते हरंगुळे. तिकडे काम करत होते."

साहेबांनी बराच विचार केला. "मग तो परदेश दौरा धरू," ते म्हणाले. "कर्तव्यार्थ. आणि कराराच्या कामासाठी परदेश दौऱ्यावर असलेल्याला करार संपेपर्यंत निवृत्त करता येत नाही."

ज्योत उंच झाली. ती अजून तशीच आहे; बाईंना करार संपेपर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि करार डबा रिकामा परत जाईपर्यंत चालू राहणार आहे.

आता डबा आमच्याकडे आहे. बाई म्हणाल्या, शेंगदाण्याचे लाडू कर, तीन नंबरला गूळ पचतो. मी दाणे भाजायला घेतलेत.