चौघं आणि एक तान्हं

खर्रर्र.

दुपारचे दोन वाजले होते. बाळ नुकतंच झोपलं होतं, त्यामुळे घरातले सगळे चवड्यांवर चालत होते. सासूबाई त्यांच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. पाच वर्षांची थोरली स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बाहुलीची वेणी घालत होती. तिच्या आईनं चहाचं आधण ठेवलं होतं, तेसुद्धा गॅस अगदी बारीक करून. न जाणो, उकळी मोठ्यानं आली तर! आणि तेवढ्यात फडताळावरचा सेट खरखरला.

हा सेट म्हणजे तिच्या नवऱ्याची करामत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ऑफिसनं जुन्या वॉकीटॉकी मोडीत काढल्या, तेव्हा हा दोन घेऊन घरी आला. एक बाळाच्या पाळण्यावर टांगली आणि तिचं बोलायचं बटण कायम दाबलेलं राहावं म्हणून त्यावर तांबडं रबर चढवलं. दुसरी स्वयंपाकघरात ठेवली. बाळानं नुसता हुंकार दिला तरी स्वयंपाकघरात ऐकू यायचा. "विकतचं यंत्र काय करणार याच्यापुढे!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. चार महिन्यांत त्या सेटमधून रडणं आलं होतं, उचकी आली होती, एकदा शिंकही आली होती.

आज पुरुषाचा आवाज आला.

"आज येणार ते. चौघं आणि एक तान्हं."

मग एक बाई बोलली. "म्हातारीला भिंतीच्या बाजूला बसवायचं. उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही."

"आणि त्या बाईचं काय?"

"तिच्यावर लक्ष ठेवा. तीन रात्री झोपलेली नाही ती."

तिच्या हातातला चमचा हातातच राहिला. घरात चौघं होते. तान्हं एक होतं. सासूबाईंचा उजवा कान गेलेला होता. आणि तीन रात्री ती झोपली नव्हती, हे तर तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं, कारण तो तिन्ही रात्री झोपला होता.

ती बाळाच्या खोलीत धावली. बाळ मुठी आवळून शांत झोपलं होतं. तिनं पडद्यामागे पाहिलं, कपाट उघडलं, कपाटाचा खालचा खणही ओढून पाहिला. खणात माणूस मावत नाही, हे तो उघडल्यावर तिला सुचलं. ती पाळण्यापाशी वळली, आणि पाळण्यावरचा सेट अगदी हलक्या आवाजात म्हणाला,

"आता गप्प बसा सगळे. झोपलं असेल ते."

तिनं दोन्ही सेट बंद केले आणि हिवाळी कपड्यांच्या तळाशी कोंबले. मग मोबाइल घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि नवऱ्याला फोन लावला.

"सेटमधून कोणीतरी बोललं."

"बोलायला लागलं? चौथ्या महिन्यात?"

"बाळ नाही रे! माणूस. म्हणाला, आज येणार."

"कोण येणार?"

"ते मला काय माहीत! आपल्याला मोजलं त्यांनी. चौघं आणि एक तान्हं."

"अगं, जागरण होतंय तुझं. मी इथे सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे लटकतोय, आतली आजीबाई आरडाओरडा करतेय. संध्याकाळी बोलू. जायचंय ना आपल्याला त्या नव्या हॉटेलात?"

जायचं होतं खरं. दोन आठवड्यांपूर्वी मागच्या गल्लीत एक आशियाई खाऊगल्लीच्या पदार्थांचं हॉटेल उघडलं होतं. बाळ झाल्यापासून ती दवाखान्याखेरीज कुठे गेलेली नव्हती. आज घरापासून दोनशे पावलांवर का होईना, पण बाहेर बसून, दुसऱ्यानं केलेलं, गरम असताना खायचं असं ठरलं होतं. शिवाय तिथे सगळे खुशीत असताना तिला एक गोष्ट सांगायची होती. तीन आठवडे ती गोष्ट तिच्या घशात अडकली होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेतून, म्हणजे तिच्या जुन्या कामावरून, बोलावणं आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला तरी जाणार. तिला जायचं होतं. फक्त सासूबाईंना सांगायचं धाडस होत नव्हतं. सासूबाईंची कवळी तिनंच बनवलेली होती, त्यामुळे त्या सुनेशी भांडायच्या तेही सुनेच्याच दातांनी. पण बाळ चार महिन्यांचं असताना आईनं घर सोडावं हे त्या दातांना चावेल का, याची तिला खात्री नव्हती.

न्हाणीघरात बसून तिनं शांतपणे विचार केला. ते आज येणार. इथे येणार. म्हणजे आपण इथे असता कामा नये. सातला निघायच्या ऐवजी पाचला निघायचं, आणि जिथे दिवे आहेत, माणसं आहेत, अशा ठिकाणी जाऊन बसायचं. हॉटेलाइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली?

"पाच वाजता जेवायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मग सात वाजता काय करायचं?"

"नंतर गर्दी होते म्हणतात, आई."

"कोण म्हणतं?"

ती बाळाचं टोपडं शोधायला गेली.

नवरा कामावरून थेट गल्लीच्या तोंडाशी आला. हॉटेलाची पुढची काच आतल्या वाफेनं पांढरी झाली होती आणि आतली माणसं नुसत्या सावल्यांसारखी हलत होती. ते जवळ येताच एका तळव्यानं आतून काच पुसली. पुसलेल्या गोलातून एक डोळा बाहेर बघू लागला. मग डोळा गेला, आणि दार आपोआप उघडल्यासारखं उघडलं.

"या. लवकर आलात." दारातला उंच माणूस म्हणाला.

"लवकर म्हणजे?" तिनं विचारलं.

तो गडबडला. "म्हणजे, या."

आवाज तोच होता की दुसरा, हे तिला ठरवता येईना. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यात एक टेबल मांडून ठेवलं होतं. चार खुर्च्या होत्या, आणि पाचवीच्या जागी दोन स्टुलं जोडून त्यांवर मऊ दुलई घातलेली वेताची टोपली. सासूबाई भिंतीकडे निघाल्याच होत्या, तरी त्या माणसानं अदबीनं हात केला, "आजी, तुम्ही भिंतीच्या बाजूला. डाव्या कानाला ऐकू येईल सगळं."

"बघ," सासूबाई प्रसन्न होऊन म्हणाल्या. "याला म्हणतात रीत."

"चल, आपण जाऊ," ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

"आत्ता तर आलो!"

"यांनी टोपली मांडून ठेवलीय."

"चांगलंय की. हात मोकळे राहतील तुझे."

कोणी काय हवं ते विचारलं नाही, पण वाडगे यायला लागले. सासूबाईंसमोर हाड न हाड काढलेलं, जिभेनंही तुटेल असं मांस आलं. थोरलीसमोर बिनतिखट नूडल्स, त्याही लहान तुकडे केलेल्या. नवऱ्यासमोर काड्यांना टोचलेले, तिखटानं लालभडक झालेले मांसाचे तुकडे. आणि तिच्यासमोर एक झाकलेला वाडगा. तिनं झाकण उचललं. आल्याच्या वासाची वाफ तोंडावर आली. पातळ, सोनेरी रसात दोन डंपलिंग तरंगत होते, फुगलेले, झोपलेल्या पापण्यांसारखे. खायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच अन्न तिच्यासमोर गरम असताना आलं होतं. तिनं एक घोट घेतला आणि तिला रडूच यायला लागलं. विष असेल तर असू दे, तिनं मनात म्हटलं, निदान गरम तरी आहे.

तेवढ्यात आतून कोणीतरी गुणगुणत बाहेर आलं.

"चमचा झोपला, झारा झोपला, वाटीत एकटा वाटाणा कोपला..."

हे अंगाईगीत तिनं स्वतः रचलं होतं, पाळणा हलवता हलवता, डोळे मिटत असताना. अख्ख्या जगात ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला अजून बोलता येत नव्हतं. तिनं बाळाला टोपलीतून उचलून घट्ट धरलं. एप्रन बांधलेली एक जाडजूड बाई टेबलापाशी आली आणि तिच्याकडे, कित्येक वर्षांची ओळख असल्यासारखी, मायेनं बघत राहिली.

"सोमवारी जायचं हं," ती बाई म्हणाली. "आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचं एकमत झालंय. भांडी घासणारे आजोबा तेवढे नको म्हणतात, पण ते प्रत्येकच गोष्टीला नको म्हणतात."

सासूबाईंचे दात चावता चावता थांबले.

"सोमवारी कुठे जायचंय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही कोण आहात?" ती उठून उभी राहिली. "माझ्या घरात कुठून शिरलात?"

बाईचा चेहरा पडला. तिनं एप्रनच्या खिशातून एक वॉकीटॉकी काढून टेबलावर ठेवली. "अहो, आमचा भटारखाना वरच्या मजल्यावर. खाली निरोप द्यायला या घेतल्या, आणि पहिल्याच दिवसापासून यातून तुम्ही! दुपारी गिऱ्हाईक नसतं. तुम्ही बाळाशी बोलता, आम्ही ऐकत बसतो. बाळ झोपलं की आम्हीही हळू बोलतो, सवयच लागलीय. तुम्हाला सांगायला कितींदा हाका मारल्या, पण तुमच्याकडे पोचायच्याच नाहीत. आज इथे येणार म्हणालात, म्हणून सकाळपासून तयारी. आणि दुपारपासून तुमचा आवाजच बंद! काळजानं ठाव सोडला होता आमचा."

नवऱ्यानं वॉकीटॉकी उलटीपालटी करून पाहिली. आता तो जाणकार झाला. "एकच चॅनल! पाळण्यावरचं बटण दाबलेलं, म्हणजे आपलं बोलणं यांच्याकडे जाणार, आणि आपल्या स्वयंपाकघरात जवळचा पाळणाच जोरात ऐकू येणार, यांचा आवाज नाही. पण मग आज यांचं कसं आलं? रबर तर मी पक्कं..."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू थोरलीकडे वळल्या. तिच्या मांडीवर बाहुली होती. बाहुलीच्या वेणीला तांबडं रबर होतं.

"तिची वेणी सुटत होती," थोरली म्हणाली.

नवरा हसायला लागला, पण ती हसली नाही. ती सासूबाईंकडे बघत होती. "आई, मी तुम्हाला आजच सांगणार होते. कामाचं..."

"तीन आठवडे झाले की मला कळून," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.

"कसं?"

"स्वयंपाकघरात मी भाजी चिरत असते, तिथे तो डबा काय शोभेला ठेवलाय? कान एकच गेलाय माझा."

पाळण्यापाशी बसून बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं. त्यासाठीच तर तो सेट होता! चार महिने ती आपली सगळी गुपितं जगातल्या सगळ्यात उघड्या जागी सांगत आली होती. आजीच्या हातात बाळ लगेच झोपतं याचा राग येतो, हेही. दातांच्या साच्यांचा वाससुद्धा आठवतो आणि मग आपण कसल्या आई असं वाटतं, हेही.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू मला कुठे सांगत होतीस? तू त्याला सांगत होतीस. मधे कशी तोंड घालणार?" सासूबाईंनी वाडगा तिरपा करून शेवटचा रस चमच्यात घेतला. "गुडघ्यांचे व्यायाम सकाळी करून घेतले मागच्या सोमवारपासून. दुपार मोकळी ठेवलीय. वाटाण्याचं गाणंही पाठ आहे." मग त्या एप्रनवाल्या बाईकडे वळल्या. "पदार्थ बिनतिखट केलेत, पण कान फार तिखट हो तुमचे."

घरी आल्यावर नवऱ्यानं सेट हिवाळी कपड्यांतून शोधून काढले, ते तिथे का गेले हे विचारलं नाही, आणि चॅनल बदलायच्या आधी म्हणून दोन्हींतल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. सासूबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि ते लगेच झोपलं. तिला राग आला, पण थोडाच.

थोरली पाळण्याखाली बसली होती. एक रिकामा सेट तिनं तोंडाशी धरला होता. बाहुलीच्या वेणीचं रबर काढून तिनं ते बटणावर नीट चढवलं, ओढून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात त्यात काहीतरी बोलली. मग सेट कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिली.

"काय करतेयस गं?"

"बघतेय." तिनं मान वर केली. "आई, सोमवारी तू दातांच्या तिथे असशील ना, तेव्हा मी यात बोलले तर तुला तिकडे ऐकू येईल?"